कोल्ह्याच्या नाकावर बारकोड

कुसाकारी फुमिएला वाचायचा भारी कंटाळा, आणि नोकरी मात्र ग्रंथालयात. यावर कुणी हसलं की ती म्हणायची, "वाचायला पगारी माणसं पुढं बसली आहेत. मी मागच्या खोलीत बघायला बसते." आमच्या कामिनासे गावच्या ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की आधी तिच्या हाताखालून जायचं. त्याला पारदर्शक चिकट कागदाचं वेष्टण चढवायचं, पाठीवर क्रमांक लावायचा आणि पुढं धाडायचं, एवढंच तिचं काम. वेष्टणात एक बुडबुडा राहील तर शपथ. पण पुस्तक लहान मुलांचं, चित्रांचं असलं की ते बाहेर यायला आठवडा लागायचा, आणि पुढच्या टेबलावरची नाओ दारातून डोकावून विचारायची, "फुमिए-सान, झालं का बघून?"

"चहा होतोय," फुमिए म्हणायची. म्हणजे झालेलं नसायचं.

बघायची तिची रीत ठरलेली होती. पुस्तक लगेच उघडायचं नाही. ते थर्मासला टेकवून उभं करायचं, सहा पावलं मागं दारापर्यंत जायचं आणि तिथून न्याहाळायचं. लांबून जे ओळखू येत नाही त्याच्याजवळ पोरं कशाला येतील, असं तिचं म्हणणं. मग पुठ्ठा उघडला की आत डकवलेलं पहिलं पान. ते पान ज्यानं नुसतं पांढरं सोडलं तो चित्रकार तिच्या लेखी कंजूष. मग एकेक पान, अक्षरांकडं ढुंकूनही न बघता. आवडलं नाही तर चित्रकाराला समोर बसवल्यासारखी झापायची. "बाविसाव्या पानावर कंटाळलास ना रे बाबा? गवतात लपवलेस अस्वलाचे पाय. काढायला नको म्हणून." आणि आवडलं तर काही बोलायची नाही. तेव्हा नाओ समजून जायची की आजची सकाळ गेली.

ही नजर तिला कॉलेजात मिळाली नव्हती. सतरा वर्षं ती चेरीच्या खोक्यांवरची चित्रं छापणाऱ्या छापखान्यात होती. लाल रंग हिरव्यावर अर्धा मिलिमीटर सरकला की चेरी सडकी दिसते आणि बागवाला खोकी परत धाडतो. कुठला ठिपका कुठं बसला की तोंडाला पाणी सुटतं आणि कुठं बसला की नाही, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. छापखाना बंद पडला आणि ती ग्रंथालयात आली. कंत्राटावर. कंत्राट दर मार्चअखेरीला संपायचं आणि साहेबांनी शिक्का मारला तर एप्रिलात पुन्हा सुरू व्हायचं.

ज्या वर्षी ग्रंथालयात संगणक आला त्याच वर्षी नवे साहेब आले. आमच्या नगरपालिकेत माणसाला एका खुर्चीत मुरू देत नाहीत. कर खात्यातला उचलून शाळा खात्यात, शाळेतला स्मशानभूमीवर. वाराशिना साहेब एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढून आमच्याकडं आले होते, निवृत्तीला तीन वर्षं बाकी असताना. माणूस सरळ, पण पाइपासारखा सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तकांच्या रांगा बघितल्या आणि नाओला विचारलं, "गळती किती?" हरवलेल्या पुस्तकांबद्दल विचारताहेत हे तिला कळायला वेळ लागला.

संगणकासाठी प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बारकोड लावायचा होता. पाच सेंटिमीटर रुंद, दीड उंच, पांढऱ्यावर काळ्या उभ्या रेघा. साहेबांनी नियम काढला. खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटर वर, बरोबर मध्यभागी, स्टीलच्या पट्टीनं मोजून. गावातलं प्रत्येक पाण्याचं मीटर भिंतीवर एकाच उंचीला बसवलेलं आहे, म्हणून वाचणाऱ्याला वाकावं लागत नाही, असं त्यांनी सभेत सांगितलं. मोठ्यांच्या पुस्तकांना हा नियम चालून गेला. कादंबरीच्या पोटावर पट्टी चिकटवली तर कादंबरी काही बोलत नाही.

मग चित्रपुस्तकांचा ढीग आला आणि सगळ्यात वर होतं कोल्ह्याचं पुस्तक. मुखपृष्ठ सगळं पांढरं, बर्फाचं. त्या सगळ्या पांढऱ्यात एकच कोल्हा, अंगठ्याएवढा, आणि त्याचं नाक तेवढं काळं. खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर, बरोबर मध्यभागी.

फुमिए बोटावर बारकोड घेऊन बसली. चहा गार झाला. चित्रकारानं एवढा कागद मोकळा का सोडला हे तिला दिसत होतं. कोल्हा एकटा आहे हे सांगायला त्याला दुसरं काही काढायचंच नव्हतं. त्या कोल्ह्यावर ही पट्टी डकवायची म्हणजे पुस्तकात उरायचं काय? बर्फ आणि नगरपालिका.

तिनं पट्टी सरकवली. उजव्या कोपऱ्यात, कोल्ह्यापासून शक्य तितकी दूर. आणि तिथं चिकटवल्यावर थर्मासला टेकवून सहा पावलं मागं गेली तर काय, त्या उभ्या रेघांचं बर्फातून वर डोकावणारं कुंपण झालं होतं. कोल्हा आता कुणाच्या तरी अंगणाकडं चालला होता. फुमिए एकटीच खिदळली. सोळा वर्षांची असताना तिनं शेवटची अशी खोडी काढली असेल.

पुढं तिला त्याची चटकच लागली. बदकीण पिल्लं घेऊन निघालेली, तिच्यापुढं बारकोड आडवा, म्हणजे रस्ता ओलांडायचे पट्टे. शेतकऱ्याच्या घराच्या वळचणीला बारकोड, म्हणजे लोणच्यासाठी वाळत टांगलेले मुळे. चोर मांजराच्या तोंडासमोर बारकोड, म्हणजे गज. एका म्हातारीच्या केसांत तिनं तो असा खोचला की कंगवाच. दुपारपर्यंत जागा सापडली नाही तर ती पुस्तक घरी न्यायची आणि जेवताना समोर ठेवायची. नवरा विचारायचा, "पाहुणे कोण आलेत आज?"

पुढच्या टेबलावर नाओची त्रेधा उडाली. हातातलं लाल दिव्याचं यंत्र घेऊन ती प्रत्येक पुस्तकावर बारकोड शोधत फिरवायची. पण मुलांनी ते आठवड्यात हेरलं. "गजात आहे, गजात," म्हणून ओरडायची. काही पोरं तर नुसती बारकोड हुडकायला यायची आणि हुडकता हुडकता पुस्तक घरी न्यायची. फुमिएला त्यांनी चिकट काकू असं नाव ठेवलं होतं. ते तिला मनापासून आवडायचं.

ऑक्टोबरात वाराशिना साहेब स्टीलची पट्टी घेऊन मुलांच्या विभागात उतरले. दिवसभर मोजून संध्याकाळी फुमिएच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या वहीत आकडे होते.

"कुसाकारी-सान, सहाशे चाळीस पुस्तकं. सहाशे चाळीस बारकोड भलतीकडं."

"भलतीकडं नाही, साहेब. बघून लावलेत."

"बघून नाही, मोजून लावायचे होते. सगळे काढा आणि नियमाप्रमाणं लावा. महिना देतो."

"काढले तर वेष्टणासकट खालचा रंग सोलून येतो, साहेब. चित्रं फाटतील."

"मग ते आधी सुचायला हवं होतं." साहेबांनी वही मिटली. "महिन्यात झालं नाही तर मार्चमध्ये तुमच्या कागदावर शिक्का कसा मारू, सांगा. आणि हो, झाल्या प्रकाराचा माफीनामा उद्या टेबलावर."

ते गेल्यावर फुमिए तशीच बसून राहिली. एकोणसाठ वर्षांच्या बाईला आमच्या गावात दुसरी नोकरी कोण देणार? लोणच्याच्या कारखान्यात मुळे धुवायची, बस. आणि नोकरी ठेवायची तर सहाशे चाळीस चित्रं आपल्या हातानं सोलायची. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. साहेबांनी माफीनाम्याचा छापील नमुना ठेवला होता, नव्या संगणकावर स्वतः बनवलेला. वर चुकीचं वर्णन, मध्ये पश्चात्ताप, आणि तळाशी अगदी मध्यभागी ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'ग्रंथालयप्रमुख वाराशिना'. फुमिएनं तो कागद थर्मासला टेकवला, दारापर्यंत गेली आणि बघू लागली. बघता बघता तिचे डोळे वाळले.

आमच्याकडं सहीऐवजी प्रत्येकाच्या नावाचा शिक्का असतो; दुसऱ्या दिवशी तिनं घरून आपला शिक्का आणला. रोजचा चिमुकला नव्हे, लग्नात वडिलांनी दिलेला. घरजमिनीच्या कागदांनाच तो लागतो आणि एरवी देव्हाऱ्याच्या खणात असतो. माफीनामा तिनं सुंदर अक्षरात लिहिला. चूक कबूल, पश्चात्ताप खोल, पुढं असं होणार नाही. मग शिक्का मारला आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून समोर उभी राहिली.

साहेबांनी वाचलं, मान डोलावली, आणि तळाशी येऊन थबकले.

"हे काय? माझं नाव कुठं गेलं?"

त्यांच्या नावावर लाल शाईत कुसाकारी बसली होती. खालचं एकही अक्षर दिसत नव्हतं.

"खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटर, साहेब. बरोबर मध्यभागी. पट्टीनं मोजून मारला. बघा मोजून."

नाओ दाराशी फाइल घेऊन आली होती, ती तशीच भिंतीला चिकटली. साहेब लाल झाले. "ही थट्टा आहे का? शिक्का मारायला बाजूला एवढी जागा सोडली होती. माणसाच्या नावावर मारतात का कधी?"

"नाही मारत," फुमिए म्हणाली. "नाव आहे हे दिसतं ना, म्हणून नाही मारत. तिथं कोल्हा होता. तो मला दिसला."

फुमिएचं तोंड सुटलं होतं ते सुटलं. "आणि साहेब, सगळे शिक्के सरळच असावेत असा नियम असेल तर मला ठाऊक नाही. नगराध्यक्षांकडं जाणाऱ्या कागदावर तुमचा शिक्का डावीकडं कललेला असतो. त्यांच्या शिक्क्यापुढं वाकून नमस्कार करतो तो. एकतीस वर्षं तुम्ही तो बघूनच मारत असणार. मोजून नाही."

आमच्याकडं सगळेच कारकून तसा मारतात. कुणी शिकवत नाही, कुणी बोलत नाही. साहेबांनी टेबलावरच्या कागदांकडं बघितलं. वरच्याच कागदावर त्यांचा शिक्का वाकलेला होता, जरा जास्तच. नाओनं फाइलमध्ये तोंड खुपसलं.

"तुम्ही जा," साहेब म्हणाले.

तीन दिवस काही झालं नाही. फुमिएनं लोणच्याच्या कारखान्याचा फोन नंबर काढून ठेवला. चौथ्या दिवशी परिपत्रक आलं. नियम कायम. पण 'चित्रास अपाय होत असल्यास' बारकोड दुसरीकडं लावायची मुभा. मात्र अशा प्रत्येक पुस्तकासाठी वेगळा अर्ज, अर्जात कारण, आणि पुस्तक समक्ष पाहून प्रमुखांचा शिक्का. झालेल्या सहाशे चाळीसांनाही तेच लागू. साहेबांना वाटलं असणार, अर्ज लिहून लिहून बाई दमेल आणि आपोआप वळणावर येईल. ते अजून तिला ओळखत नव्हते.

'कारण: कोल्ह्याला नाक आहे.' 'कारण: बदकं रस्ता ओलांडत आहेत, वाहनांनी थांबावे.' 'कारण: आरोपी मांजर असून सध्या कोठडीत आहे.' रोज सकाळी वीस अर्ज, वीस पुस्तकं. साहेब गंभीर चेहऱ्यानं अर्ज वाचायचे, पुस्तक बघायचे आणि शिक्का मारायचे. पहिल्या आठवड्यात त्यांना पाइपच दिसत होते. "या घराचं पन्हाळं चुकीच्या बाजूला काढलंय," म्हणायचे. दुसऱ्या आठवड्यात पुस्तक उघडून आतलं पन्हाळं बघू लागले. नोव्हेंबरअखेर त्यांचा डबा पुस्तकांशेजारी उघडायला लागला. एकदा फुमिए दारातून बघते तर साहेबांनी एक पुस्तक खिडकीला टेकवून ठेवलेलं आणि स्वतः मागं मागं सरकत कपाटाला आपटलेले. तिनं ते चार जणांना सांगितलं. न सांगून कसं चालेल?

फेब्रुवारीत मार्चचा कागद शिक्का होऊन आला, महिनाभर आधीच. फुमिएला आता आकाश ठेंगणं झालं. पोरं तिच्या नावाचा गजर करताहेत, साहेब खिशात आहेत, नोकरी पक्की. अशा वेळी माणसानं सांभाळून राहावं, पण राहतं कोण?

त्याच आठवड्यात एक नवं पुस्तक आलं. फिकट दुधाळ रंगाचं मुखपृष्ठ, त्यावर म्हाताऱ्याचा सुरकुतलेला हात, हातात जेवायच्या दोन काड्या, आणि काड्यांतून लोंबणारी एक शेवई. एकच. केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब. बाकी काही नाही. फुमिए सहा पावलं मागं गेली आणि तिला एकदम सुचलं. त्या काड्यांखाली बारकोडच्या उभ्या रेघा लोंबवल्या तर शेवयांचा भरगच्च घोस होईल. आजवरची सगळ्यात भारी खोडी. मधे ती एक शेवई येत होती खरी. तिला ती दिसली होती, हे नंतर तिनं स्वतःच कबूल केलं. पण तिला वाटलं, एवढ्याशा रेघेकडं कोण बघतंय.

'कारण: आजोबांना सडकून भूक लागली आहे.' अर्ज गेला तेव्हा पट्टी आधीच चिकटवून झाली होती. साहेब अर्ज वाचून चक्क हसले आणि शिक्का मारला. मुलांनी तर ते पुस्तक डोक्यावर घेतलं. शेवया, शेवया करत रांग लागली.

पंधरा दिवसांनी साहेब पुस्तक हातात घेऊन मागच्या खोलीत आले. खुर्ची ओढून बसले, जे ते कधी करत नसत.

"कुसाकारी-सान, तुम्ही यातली अक्षरं वाचलीत?"

"मी अक्षरं वाचत नाही, साहेब. माहीत आहे तुम्हाला."

"मी वाचली. वर्षअखेरची रात्र आहे. आजोबा आणि नात. वाडग्यात एकच शेवई उरलीय. तो म्हणतो तू खा, ती म्हणते तुम्ही खा. सगळं पुस्तक त्या एका शेवईचं आहे." त्यांनी पुठ्ठा मिटून बारकोडवर बोट ठेवलं. "इथं मी मोजल्या. एकतीस आहेत. एवढ्या असताना ही दोघं कशासाठी एकमेकांना आग्रह करताहेत, ते कळेना मला. मग लक्षात आलं की खाली काहीतरी असणार." आणि मग ते हळूच म्हणाले, "शिक्का माझाच आहे. चूक मीही केली. पण मला दिसलं नव्हतं."

फुमिएनं पुस्तक हातात घेतलं. पहिल्यांदाच तिनं त्यातली अक्षरं वाचली, शेवटपर्यंत. कोल्ह्याच्या नाकासाठी ती साहेबांच्या नावावर शिक्का मारून आली होती, आणि इथं तिनं स्वतःच्या हातानं, डोळ्यांनी बघून, हसत हसत तेच केलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरून केस वाळवायचं यंत्र आणून तिनं बारकोडला ऊब दिली. साहेबांनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. नखानं, केसाकेसानं ती पट्टी सोडवू लागली. अर्ध्या तासानं पट्टी निघाली आणि वेष्टणासकट शेवईही तिच्यासोबत निघाली. काड्यांखाली कागदाचा पांढरा चरा तेवढा उरला.

"रंगवता येईल तुम्हाला," साहेब म्हणाले. "हात आहे तुमचा."

"नको. माझा हात फार फिरला यावर."

नवा बारकोड तिनं खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर, बरोबर मध्यभागी लावला. तिथं चित्रकारानं जागा मोकळीच सोडली होती.

शनिवारी मुलं आली. पाच वर्षांची चिहो सगळ्यांत पुढं. पुस्तक उचलून तिनं बारकोड शोधला, तो लगेच सापडला, आणि तिचं तोंड पडलं. "सरळच लावलाय. गंमत नाही." मग तिचं बोट त्या पांढऱ्या चरऱ्यावर गेलं.

"चिकट काकू, आजोबांची शेवई कुठं गेली?"

"काकूनं खाल्ली," फुमिए म्हणाली.

चिहोनं पुस्तक घरी दोनदा वाचून घेतलं होतं. ती फुमिएकडं बघतच राहिली.

"एकटीनं?"

"हो," फुमिए म्हणाली. "एकटीनं."